सांबऱ्याचं घर आणि शेगडीची रात्र

सांबरा म्हटलं की लोकांना विमानतळ आठवतो. विमानानं बेळगावला येणारा प्रत्येक जण उतरतो सांबऱ्यालाच, पण बहुतेक जण बॅग घेतात आणि टॅक्सीनं दहा किलोमीटरवरच्या बेळगावची वाट धरतात. आमचं उलटं आहे. विमानतळाबाहेर आलं की आम्ही गावाकडे वळतो आणि दहा मिनिटांत घराच्या कट्ट्यावर असतो.

हा विमानतळ 1942 सालचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं प्रशिक्षणासाठी उभारलेला. आजही शेजारी आपल्या हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. आमचं घर विमानतळाहूनही जुनं, असं आजी सांगते. कागद कुणाकडेच नाहीत, पण घर बघितलं की पटतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सोपा, माजघर, अंधारं देवघर, मागं न्हाणी आणि परडं. वर माडी आणि त्यावर मंगळुरी कौलं. माजघरात एकच काचेचं कौल आहे. त्यातून येणारा उन्हाचा चौकोन दिवसभर जमिनीवरून सरकत असतो. लहानपणी आम्ही त्यावरून शाळेची वेळ ओळखायचो.

माजघराच्या डाव्या हाताला एक लहान खोली आहे. तिला सगळे 'बाळंतिणीची खोली' म्हणतात. बाबा सगळ्यांत थोरले, ते आजीच्या माहेरी जन्मले. त्यांच्या पाठची तिघं मात्र याच खोलीत जन्मली. पुढे दोन्ही आत्यांची बाळंतपणं तिथंच झाली. एरवी त्या खोलीत भाताची पोती आणि जुन्या गोधड्या असतात.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बाळंतपण बेळगावातल्या रुग्णालयात झालं आणि पाचव्या दिवशी ती माहेरी, म्हणजे या घरी आली. मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला नोकरी करतो. बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी एकटाच भाचीला बघायला निघालो. बारसं करून परत यायचं असा बेत होता.

ती रात्र

बेळगावची थंडी आपल्यातल्या अनेकांना माहीत नसेल. जानेवारीत पहाटे पारा तेरा-चौदा अंशांवर उतरतो. लंडनच्या मानानं हे काहीच नाही. पण तिकडे घरात हीटर असतो. इथं मातीची भिंत आणि अंगावर गोधडी. त्यात घरात वीस दिवसांचं बाळ.

मी पोचलो त्या संध्याकाळी बाळंतिणीच्या खोलीत डोकावलो तर आत मस्त ऊब होती. ओव्याचा वास येत होता. कोपऱ्यात लोखंडी शेगडी, तिच्यात लालबुंद निखारे. बहीण बाजेवर, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, आई शेजारी खाली गादीवर. आजी उंबऱ्यात बसून सूचना देत होती.

"खिडकी लावलीस का घट्ट? बाळाला वारं लागायला नको."

"लावली आजी."

"निखारे फुलू देत चांगले. धूर गेला की मग आत आणायची शेगडी, म्हणजे त्रास नाही."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं. धूर गेला की त्रास नाही. आजीनं ते तिच्या सासूकडून ऐकलं होतं, आणि तिच्या हयातीत ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

बहीण म्हणाली, "दादा, चार दिवस झाले, सकाळी उठलं की डोकं नुसतं ठणकतंय." आई म्हणाली, जागरणानं. मीही म्हटलं, जागरणानंच असणार. आईचंही डोकं दुखत होतं. तिला पित्ताचा त्रास आहेच.

मी माडीवर झोपलो. म्हणजे आडवा झालो. इंग्लंडहून आलं की पहिले दोन-तीन दिवस झोपेचा सगळा घोळ असतो. इथं पहाटेचे तीन वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊच झालेले असतात. मी मोबाईल बघत पडलो होतो. तीनच्या सुमारास खाली काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला.

खाली आलो तर आई बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात पडलेली. न्हाणीकडे जायला उठली, दार उघडलं आणि पाय गळाले. शुद्धीवर होती, पण शब्द जड येत होते. "गरगरतंय रे," एवढंच म्हणाली. आत बहिणीला हाक मारली, ती 'हं' म्हणाली पण डोळे उघडेना. खांद्याला धरून हलवलं तेव्हा उठली आणि तिथंच ओकली. बाळ शांत होतं. दर दोन तासांनी दुधासाठी घर डोक्यावर घेणारं बाळ रात्री अकरापासून उठलंच नव्हतं, हे नंतर कळलं.

आता यात माझ्या हुशारीचा काही भाग नाही, हे आधीच सांगतो. रेडिंगला आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथं गॅसचा बॉयलर आहे. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या घरात, जिथं असं इंधन जाळणारं उपकरण बसवलेलं असेल त्या खोलीत, घरमालकानं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं सक्तीचं आहे. आमच्याकडे तो लावला तेव्हा सोबत एक पत्रक आलं होतं. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, ग्लानी. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: घरातल्या एकाहून जास्त जणांना एकाच वेळी हा त्रास होत असेल तर ताबडतोब बाहेर पडा. ते पत्रक वर्षभर आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. दूध काढताना रोज दिसायचं. त्या क्षणी तेच डोळ्यांपुढे आलं.

मी बाळाला उचललं आणि आरडाओरडा करत अंगणात आलो. बाबा उठले. दोघांनी मिळून आईला आणि बहिणीला ओढतच बाहेर कट्ट्यावर आणलं. आजी माजघरात झोपलेली असते. ती धडपडत उठली आणि "बाळाला थंडीत कुठं नेतोयस?" म्हणून माझ्यावर ओरडायला लागली.

बाबांनी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून आणला. आईच्या बोटाला लावला. 98. बहिणीच्या बोटाला लावला. 98. बाबा म्हणाले, "अरे ऑक्सिजन तर व्यवस्थित आहे. सकाळी डॉक्टरांना दाखवू."

क्षणभर मलाही वाटलं की आपण उगाच घाबरलो. पण बाळ अजून रडत नव्हतं. समोरच्या कन्नड घरातल्या काकांना हाक मारली, त्यांनी गाडी काढली. त्यांची बायको दारातून "लगू बर्री, लगू!" म्हणत गाडीत चादरी टाकत होती. निलजीच्या आसपास कुठंतरी, गाडीच्या उघड्या खिडक्यांतून गार वारं येत असताना, बाळ रडलं. बहीणही रडायला लागली. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं

रुग्णालयात शेगडी म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही. आधी तिघींना ऑक्सिजन लावला, मग रक्त तपासायला पाठवलं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. बहिणीचं प्रमाण आईपेक्षा जास्त होतं. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असतो, म्हणून तेवढ्याच वेळात त्याच्या शरीरात हा वायू लवकर भरतो. आमच्या नशिबानं आईला वेळेवर न्हाणीला जावंसं वाटलं.

मी डॉक्टरांना ऑक्सिमीटरचं विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो. त्याला या दोन्हींतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र 98 दाखवत असतं. खरं काय ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळतं.

साध्या हवेत बसलं तर रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तासात तेवढाच निघून जातो. तिसऱ्या दिवशी तिघींना घरी सोडलं. मात्र पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं, कारण क्वचित विसराळूपणा, चिडचिड, तोल जाणं असे त्रास बरं वाटल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात. तेव्हा लांब कुठं जाऊ नका, दर आठवड्याला दाखवायला या, असं ते म्हणाले.

धुराबद्दलही मी विचारलं. निखारे लाल झाले आणि धूर थांबला की शेगडी निर्धोक झाली असं आपण समजतो. प्रत्यक्षात धूर थांबतो, वायू थांबत नाही. शेगडीच्या तळाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना त्याचाच कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. धूर होता तेव्हा निदान ठसका तरी लागायचा.

याला घरही जुनं लागत नाही आणि माणूसही अडाणी लागत नाही. 29 सप्टेंबर 1902 रोजी फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला पॅरिसमधल्या स्वतःच्या घरात असाच गेला. झोपायच्या खोलीत शेकोटी होती, खिडक्या बंद होत्या आणि धुराड्यातून वायू बाहेर जात नव्हता. बायको वाचली, तो वाचला नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत बेशुद्धावस्थेत सापडले आणि त्यांतलं कुणी वाचलं नाही. त्यात चार मुलं होती. थंडी होती म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला होता आणि दारं-खिडक्या आतून बंद होत्या. आमची गोष्ट त्यांच्यासारखीच सुरू झाली होती.

परत त्याच घरात?

रुग्णालयाच्या पायऱ्यांवर आमची बैठक बसली. बहिणीच्या सासरचे म्हणाले, सुनेला आणि नातीला आम्ही घेऊन जातो. साहजिक होतं. बाबा म्हणाले, टिळकवाडीत महिनाभरासाठी एखादा फ्लॅट घेऊ. धाकटे काका पुण्याहून फोनवर होते. ते म्हणाले, "मी कधीचा सांगतोय, ते घर विकून टाका. विमानतळाजवळ जागेला चांगला भाव आहे. आता तरी शहाणे व्हा."

मी गप्प होतो, कारण मला एक गोष्ट आठवत होती आणि ती सांगायचं धाडस होत नव्हतं.

त्या खोलीत आजीच्या काळापासून शेगडी पेटत आली. आजीची तीन बाळंतपणं, आत्यांची चार. कुणाला काही झालं नाही. मग आताच का? कारण दोन वर्षांपूर्वी मीच ती खोली 'सुधारली' होती. जुनी लाकडी खिडकी नीट लागत नव्हती, तिच्या फटींतून वारं आणि डास यायचे. मी पैसे पाठवले आणि तिथं सरकती ॲल्युमिनियमची खिडकी बसवून घेतली. कौलांतून धूळ पडते म्हणून खाली पीव्हीसीचं छत मारून घेतलं. भिंतीच्या वरच्या अंगाला कौलांखाली एक झरोका होता, त्यातून चिमण्या यायच्या. तोही बुजवला. फोटो व्हॉट्सॲपवर आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले होते.

म्हणजे शेगडी जुनीच होती. खोली नवी होती. आणि ती मी केली होती.

मी हे सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आईला जाऊन सांग. तिनं परवापासून अन्न घेतलेलं नाही."

घरी आलो तर आजी सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. शेगडी परड्यात पालथी पडली होती. आजीनं तिच्यावर कळशीभर पाणी ओतलं होतं आणि पायानं ढकलून दिली होती. मला बघून म्हणाली, "पोरा, माझ्याच हातानं रे. मीच आणून ठेवली."

मी तिच्यासमोर बसून खिडकीचं, छताचं, झरोक्याचं सगळं सांगितलं. तिला किती पटलं माहीत नाही. ती फक्त म्हणाली, "चिमण्या येत होत्या तेव्हा बरं होतं म्हण की." मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि भात लावला. त्या दिवशी चौघं जण जेवलो. कुणी काही बोललं नाही.

शेवटचा निर्णय बहिणीनं घेतला. ती म्हणाली, "मी दुसरीकडे गेले तर आजी आयुष्यभर हेच धरून बसेल. मला इथंच यायचंय. पण आधी ती खोली नीट करा." सासरच्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. मी ऑफिसला कळवून रजा वाढवली आणि उरलेले दिवस माडीवरून काम करायचं ठरवलं. दोन आठवड्यांचा मुक्काम पाच आठवड्यांचा झाला.

घराचा श्वास

पहिल्या रात्री कुणालाच झोप लागली नाही. बहीण, आई आणि बाळ माजघरात झोपले, दार उघडं ठेवून. मी तासातासाला खाली येऊन बघत होतो. वासे करकरले तरी दचकायचो. एरवी ज्या घरात पाऊल टाकलं की झोप यायची, तेच घर अनोळखी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले एक म्हातारे सुतार आले. त्यांनी खोलीत उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, घराला बी श्वास लागतोय की. तुम्ही नाकच बंद केलासा." त्यांनी दुपारपर्यंत पीव्हीसीचं छत उतरवलं, झरोका मोकळा करून त्याला बारीक जाळी मारली. सरकती खिडकी राहिली, पण तिच्या वर कायम उघडी राहील अशी जाळीची पट्टी घातली.

मग मी इंजिनिअरपणा सुरू केला. उदबत्ती पेटवून घरभर फिरलो. धूर कुठं ओढला जातो, कुठं तसाच घुटमळतो ते बघत गेलो. आजी देवापुढची उदबत्ती मी चोरली म्हणून कुरकुरली, पण मागोमाग फिरत होती. स्वयंपाकघरात चुलीवरचा धूर सरळ वर कौलांच्या फटींतून जात होता. माजघरातून तो सोप्याकडे यायचा. न्हाणीत बंबाजवळ मात्र फिरत राहायचा, कारण तिथलं वरचं भोक कुणीतरी डब्याच्या पत्र्यानं झाकलं होतं. तो पत्रा काढला. मंगळूरला बासेल मिशननं 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सगळ्या किनारपट्टीवर आणि घाटावर पसरली. कौलाच्या छपरात फटी राहतातच. पाऊस बाहेर ठेवायचा आणि धूर बाहेर काढायचा, ही दोन्ही कामं ते छप्पर करत होतं. आम्हाला फक्त त्यातून पडणारी धूळ दिसली.

चार दिवसांनी मागवलेलं कार्बन मोनॉक्साइडचं मीटर आलं. आकडा दाखवणारं आणि जास्त झालं की ओरडणारं. मला आजीला ते दाखवायचं होतं. माजघराच्या पलीकडची कोठी रिकामी होती. शेगडी धुऊन, निखारे चांगले फुलवून तिथं ठेवली, मीटर आतल्या बाजूनं काचेला टेकवलं आणि दार ओढून घेतलं. आम्ही सगळे बाहेर अंगणात, काचेतून आकडा बघत. हा प्रयोग तुम्ही कुणी करू नका. मी अंगावर शहारे घेऊनच केला, आणि पुन्हा करणार नाही.

आधी शून्य. मग 12. दहा मिनिटांत 60. आत धूर नव्हता, काही नव्हतं. निखारे सुंदर दिसत होते. विसाव्या मिनिटाच्या आत आकडा 150 च्या पुढे गेला आणि मीटर कर्कश ओरडायला लागलं. मी नाक धरून दार उघडलं आणि लांब सरकलो.

आजी बराच वेळ त्या काचेकडे बघत होती. म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत होतं रे. आणि मला दिसलं नाही."

"कुणालाच दिसत नाही आजी."

"माझ्या सासूला पण दिसलं नसणार." एवढं म्हणून ती थांबली. मग हळूच सांगितलं की तिच्या माहेरच्या भावकीत एक बाळंतीण आणि तिचं बाळ एका थंडीत सकाळी उठलंच नव्हतं. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलं. नवऱ्यानं त्या खोलीला कुलूप लावलं आणि पुढे घरच सोडलं. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल. त्या खोलीत शेगडी होती का, मी विचारलं. आजी म्हणाली, "शेगडी नसलेली बाळंतिणीची खोली असते व्हय?"

आता शेक कसा?

आजीला एकच काळजी होती: मग बाळाला ऊब कशी द्यायची? बाळाच्या डॉक्टरांनी याचं उत्तर फार सोपं दिलं. टोपडं, मोजे, कोरडे कपडे आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ, वरून शाल. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, कमी वजनाच्या बाळांसाठी काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली, आणि आता जगभर ती वापरतात. आजी हसून म्हणाली, "म्हणजे पोटाशी धरायचं. मग तसं म्हणा की."

शेक पूर्ण बंद झाला नाही. आजी परड्यात, उघड्यावर चुलीवर तवा ठेवते, त्यावर सुती फडकं गरम करते, आपल्या गालाला लावून बघते आणि मग आत आणून बहिणीची कंबर शेकते. विस्तव आत येत नाही, ऊब येते. धुरी मात्र थांबली. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना कसलाच धूर चांगला नाही, हे तिनं फारशी खळखळ न करता मान्य केलं.

आपल्यापैकी पुष्कळ जण सुट्टीत गावच्या घरी जातो. हल्ली बरेच जण तिथं थोडे पैसे घालून घर 'राहण्यासारखं' करून घेतात, माझ्यासारखेच. म्हणून चार गोष्टी सांगतो.

झोपायच्या खोलीत शेगडी, कोळशाची सिगडी, गॅसचा हीटर काहीही पेटतं ठेवू नका, दार किलकिलं ठेवूनही नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो बाहेरच्या बाजूला काढून घ्या. यातही हाच वायू तयार होतो आणि माणूस आंघोळ करतानाच कोसळतो. जनरेटर घरात किंवा खिडकीखाली नको. जुन्या घराच्या फटी, झरोके बुजवण्याआधी, त्या घरात काय काय पेटतं ते आधी मोजा. दोघा-तिघांची डोकी एकदम दुखत असतील आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, 108 ला फोन करा. ऑक्सिमीटरवर विसंबू नका, आणि डॉक्टरांना शेगडी किंवा गीझर होता हे आपण होऊन सांगा. आणि पुढच्या वेळी बॅगेत चॉकलेटं भरताना एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भरा. युरोपात घेतलात तर त्यावर ईएन 50291 हे मानक लिहिलेलं बघा. त्यातल्या सेन्सरचं आयुष्य काही वर्षांचंच असतं, तेव्हा मागची तारीखही वाचा.

बारसं फेब्रुवारीत झालं. माजघरातच, काचेच्या कौलाखाली पाळणा बांधून. समोरचे कन्नड काका-काकू पहिल्या पंगतीला होते. धाकटे काका पुण्याहून आले, घर विकायचा विषय त्यांनी काढला नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. तो प्रश्न सुटलेला नाही, पुढच्या दिवाळीत पुन्हा निघेल.

आजी बारशाच्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीत गेली. मी मुद्दाम मागे गेलो नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "झरोक्यात चिमणी आलीय. जाळीतून आत येता येत नाही तिला, पण बसलीय."

आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बहिणीची आणि भाचीची चौकशी झाली की आजी मीटरचं सांगते. ती त्याला 'डबा' म्हणते. रोज सकाळी देवपूजा झाली की त्याच्यावरचा आकडा वाचते. मागच्या रविवारी फोन लावला तर घाईनं म्हणाली, "अरे, डबा अधूनमधून चिमणीसारखा ओरडतोय. सगळ्यांना अंगणात बसवलंय."

बॅटरी संपत आली होती. मी बाबांना सेल बदलायला सांगितले. पण आजीनं सगळ्यांना बाहेर काढलं होतं, थंडीत, बाळासकट, हे ऐकून फार बरं वाटलं.